केअर होम : काय बघितलं, काय बघायचं राहून गेलं (अनुभव धागा)

आईला केअर होममधे ठेवून आता चार वर्षं होतील. पहिलं होम आम्ही अकरा महिन्यांत बदललं, दुसरं अजून चालू आहे. मागच्या महिन्यात एका मैत्रिणीने विचारलं, "सासऱ्यांसाठी होम बघतेय गं, नेमकं काय काय बघू?" आणि मी तिला जे जे सांगत गेले त्यातलं एकही आम्ही पहिल्या वेळी बघितलं नव्हतं हे सांगता सांगताच लक्षात आलं. सगळं नंतर, चटके बसून कळलं. म्हणून हा धागा काढतेय. ज्यांनी कुणाला ठेवलंय, जे नुसते बघून आलेत, ज्यांनी तिथे काम केलंय, जे स्वतः राहतायत, सगळ्यांनी लिहा. होमचं नाव नको, पण कुठे फसलात आणि कशावरून खात्री पटली ते तपशिलात लिहा. "ठेवावंच का" हा वाद कृपया इथे नको, त्यावर प्रत्येकजण आपापल्या घरी रात्र रात्र जागलेला असतो.

माझ्यापासून सुरुवात करते.

पहिल्या होमला गेलो ते सकाळी अकराला, आधी फोन करून वेळ घेऊन. बाग छान, रिसेप्शन चकाचक, मॅनेजर बाई फार गोड बोलणाऱ्या. एक रिकामी खोली दाखवली, जेवणाचा हॉल दाखवला. ज्या खोल्यांत माणसं राहत होती त्यातली एकही दाखवली नाही, वरच्या मजल्यावरचं बाथरूम दाखवलं नाही, आणि आम्हीही मागितलं नाही. संकोच वाटला, दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं.

आईची उजवी बाजू लुळी आहे, तिला स्वतःहून कूस बदलता येत नाही. अशा माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं. त्याचा तक्ता पलंगाच्या पायथ्याशी लावलेला असायचा, मी रोज ऑफिस सुटल्यावर जायचे, सगळे रकाने भरलेले बघायचे आणि समाधानाने घरी यायचे. तिसऱ्या महिन्यात एकदा लवकर सुटले म्हणून पावणेचारला पोचले तर तक्त्यात चारचा आणि सहाचा रकाना आधीच भरलेला, सहीसकट. तक्त्यात "डावी कूस" आणि आई उताणी. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिला स्वतः वळवून पाठ बघितली. माकडहाडावर अंगठ्याएवढा डाग. साधा लाल डाग बोटाने दाबून सोडला की क्षणभर फिका पडतो, हा फिका पडतच नव्हता. नंतर एका नर्सने सांगितलं की ही बेडसोरची पहिली पायरी, कातडी अजून फाटलेली नसते आणि इथे पकडलं तर बहुतेक वेळा भरून येतं. सावळ्या कातडीवर लाल दिसेलच असं नाही, जांभळट किंवा काळपट दिसतं, हाताला आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतं. माकडहाड आम्ही वाचवलं. टाचेवरची जखम मात्र मोज्यात झाकलेली राहिली आणि ती आधीच फुटली होती. भरायला पाच महिने लागले.

तर माझं सांगणं एवढंच, की गेलात की मोजे काढून टाचा बघा. तक्ता नंतर वाचा.

* * *

तक्त्याचं वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे उलट झालं, सगळे खूश होते आणि तिथेच गडबड होती.

बाबांना अल्झायमर. संध्याकाळ झाली की अस्वस्थ व्हायचे, दार शोधायचे, "मला घरी जायचंय" म्हणून ओरडायचे, कुणी धरलं की हात झटकायचे. होममधे गेल्यावर महिन्याभरात एकदम शांत झाले. मी बहिणीला फोन केला, बघ, रुळले. ती दोन आठवड्यांनी आली, पाच मिनिटं त्यांच्याजवळ बसली आणि बाहेर येऊन म्हणाली, "दादा, बाबा रुळले नाहीयेत, बाबा गुंगीत आहेत." बघतो तर खरंच, हनुवटी छातीला टेकलेली, लाळ गळतेय, उभं केलं तर पाय फरफटत चालतायत. मी रोज बघत होतो म्हणून मला दिसलंच नव्हतं. औषधांची यादी मागितली तर त्यात एक अँटीसायकोटिक (भास-भ्रमांवर देतात ते मनोविकाराचं औषध) आणि वर झोपेची गोळी, दोन्ही आम्हाला न विचारता सुरू केलेल्या.

या अँटीसायकोटिक औषधांबद्दल मग वाचलं. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर त्यातलाच) झालेल्या वृद्धांमधे यांनी मृत्यूचा धोका वाढतो असा ठळक चौकटीतला इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मधे या गटातल्या नव्या औषधांवर छापायला लावला, २००८ मधे जुन्या औषधांनाही तोच लागू केला. कधीकधी द्यावी लागतात हे मला मान्य आहे, माणूस स्वतःला नाहीतर दुसऱ्याला इजा करत असेल तर पर्याय नसतो, पण मग कमीत कमी डोस, थोडे दिवस आणि घरच्यांना सांगून. आमच्या डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी करत बंद केली (आपल्या मनाने एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं असतं). बाबा परत ओरडायला लागले आणि मला रडूच आलं, कारण ते परत बाबा होते. आता संध्याकाळी तिथली एक ताई त्यांच्यासमोर टॉवेलांचा ढीग ठेवते आणि ते घड्या घालत बसतात, काठाला काठ जुळवून, वरून हात फिरवून. ती मागच्या दाराने ढीग मोडून परत आणते. पाऊण तास जातो त्यात आणि तोच तर वाईट वेळ असतो.

पडण्याबद्दल पण लिहितो. आम्ही प्रत्येक होममधे विचारायचो, "इथे कुणी पडत वगैरे नाही ना?" आणि "अजिबात नाही" ऐकलं की बरं वाटायचं. प्रश्नच चुकीचा होता. म्हातारी माणसं चालतीफिरती असतील तर कधी ना कधी पडणार, कुणीच पडत नसेल तर एकतर त्यांना खुर्चीत अडकवून ठेवतायत नाहीतर पडलेलं लिहीत नाहीयेत. विचारायचं ते असं, की शेवटचं कोण कधी पडलं, नाव नको, पण त्यानंतर तुम्ही काय बदललं? दुसऱ्या होममधल्या सिस्टरने लगेच सांगितलं की एक आजी रात्री दोनच्या सुमाराला बाथरूमला जाताना पडल्या, मग आम्ही मागच्या नोंदी काढल्या तर त्या रोज त्याच वेळेला उठतात असं दिसलं, आता पावणेदोनला आम्हीच जाऊन विचारतो. मला वाटतं आम्ही तिथेच ठरवून टाकलं.

कठड्यांचा हट्ट मात्र माझा होता, पलंगाला दोन्हीकडून कठडे लावाच म्हणून. त्यांनीच समजावलं की गोंधळलेला माणूस कठड्यावरून चढून उतरायला बघतो, म्हणजे पडला तर जास्त उंचावरून पडतो, नाहीतर कठडा आणि गादीच्या फटीत अडकतो. बाबांचा पलंग आता जमिनीलगत खाली केलेला असतो आणि बाजूला जाड मॅट.

* * *

मी सात वर्षं केअर होममधे काम केलं, तीन ठिकाणी, त्यातली चार वर्षं नाइट. आता कंबरेने साथ सोडली म्हणून बंद केलं. आतलं लिहिते.

पहिलं म्हणजे रकाने आधी भरणारी मुलगी वाईटच असेल असं नाही, हे मला सांगायचंच आहे. मी पण भरलेत. अठ्ठावीस माणसं, रात्रीला आम्ही दोघी, आणि त्यातले अकरा जण असे की वळवायला दोघी लागायच्या. एकेकाला दहा मिनिटं धरली तरी अकरा जणांना एकशेदहा मिनिटं, म्हणजे एक फेरी संपतेय तोवर दुसरी सुरू, मधे कुणी ओलं झालं, कुणाला धाप लागली, कुणी पडलं की झालंच. सकाळी रकाने रिकामे दिसले की ओरडा खायचा, म्हणून भरायचे. ते चूकच होतं आणि मला आजही त्यातले चेहरे आठवतात. पण दोष फक्त त्या मुलीवर टाकून तिला काढलं तर दुसरी येईल आणि तीही भरेल.

म्हणून "स्टाफ किती आहे" असं विचारूच नका. एकूण आकडा सांगतात, त्यात माळी आणि ऑफिसवाले पण धरलेले असतात. विचारा की रात्री दोन वाजता किती जण जागे असतात (ड्यूटीवर असणं वेगळं आणि जागं असणं वेगळं, काही ठिकाणी झोपायची मुभा असते), त्यात शिकलेली नर्स किती, आणि किती रहिवाशांना उचलायला दोघं लागतात. हे तीन आकडे घ्या आणि घरी येऊन वरच्यासारखा हिशोब स्वतः करा. आणि भेटेल त्या प्रत्येकीला सहज विचारा, "तुम्ही इथे किती दिवस आहात?" चारपैकी तिघी दोन-तीन महिन्यांच्या निघाल्या तर तिथे कुणी टिकत नाहीये. नवीन मुलीला तुमची आई पाणी डाव्या हाताने पिते हे माहीत नसतं.

बाथरूममधे बेलची दोरी असते ती बघा. ती जमिनीपर्यंत लोंबायला हवी, कारण माणूस पडल्यावर जमिनीवरच असतो. बऱ्याच ठिकाणी पुसताना मधे येते म्हणून गाठ मारून वर बांधलेली असते, मी स्वतः किती गाठी सोडल्यात. आणि एकदा बेल दाबून घड्याळ बघा, सॉरी म्हणायचं नंतर.

गोळ्यांच्या वेळेला थांबा. पाकिटातून काढायची, नाव बघायचं, माणसाने गिळेपर्यंत समोर उभं राहायचं आणि मग सही, हा क्रम. सगळ्यांच्या गोळ्या आधीच छोट्या कपांत काढून ट्रे घेऊन फिरत असतील तर आज ना उद्या अदलाबदल होणार. कुटून देत असतील तर विचारा डॉक्टरांना विचारलंय का, काही गोळ्या हळूहळू विरघळायला बनवलेल्या असतात, त्या कुटल्या की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

आणि सगळ्यात जास्त कळतं ते जेवणाच्या वेळी, म्हणून त्याच वेळेला जा. भरवणारी बसलीये की उभी आहे एवढंच बघा. उभी असेल तर खाणारा मान वर करतो, मान मागे गेली की घास श्वासनलिकेत जायची भीती वाढते. समोर बसून, सरळ बसवून, पहिला घास गिळला की मगच दुसरा, आणि जेवल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. घाईत ज्या गोष्टी सुटतात त्यात ही पहिली असते आणि मग न्यूमोनिया झाला की सगळे म्हणतात वयच झालं होतं.

वासाचं सगळे सांगतात म्हणून एवढंच, की सकाळी अंघोळी-कपडे चालू असताना वास आला तर बिचकू नका. संध्याकाळी खुर्चीच्या कापडाला येत असेल तर तो मुरलेला.

* * *

थोडक्यात लिहिते. माझ्या आत्याला पाय धुवायला बसवलं आणि नळाचं पाणी थेट पायावर. तिला मधुमेह, पायाची संवेदना जवळजवळ गेलेली, ती ओरडलीच नाही. फोड आले तेव्हा कळलं.

नंतर समजून घेतलं की मोठ्या टाकीतलं पाणी साधारण ६० अंशांवर ठेवतात ते बरोबरच असतं, नाहीतर त्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात. पण ६० अंशांचं पाणी चांगल्या धडधाकट माणसाला सुद्धा पाचेक सेकंदांत भाजून काढतं, आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ. त्यामुळे नळाच्या आधी गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह हवा, अंघोळीचं पाणी ४४ च्या वर जाताच कामा नये. आणि तरीसुद्धा प्रत्येक वेळी थर्मामीटर घालून बघायचं. बाथरूममधे थर्मामीटर टांगलेला आहे का बघा, असेल तर तो ओला आहे का बघा. कोरडा ठणठणीत आणि धूळ बसलेला असेल तर तो दाखवण्यापुरता आहे.

* * *

मला चांगलं लिहायचंय, चालेल ना? वरचं सगळं वाचून होम म्हणजे भीतीच असं वाटेल कुणाला.

सासूबाईंचं होम दर महिन्याला वजन घेतं. एका महिन्यात ५२ वरून ४९ झालं आणि त्यांचा फोन आला. आम्ही म्हटलं उन्हाळा आहे, भूक कमी असेल. त्या सिस्टर ठाम होत्या, म्हणाल्या महिन्याभरात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के उतरलं तर आम्ही कारण शोधल्याशिवाय सोडत नाही, आणि हे ५ च्या वर आहे. रक्त तपासलं, डॉक्टर येऊन गेले, काही निघेना. कारण शोधलं ते तिथल्या सगळ्यात नव्या मुलीने, वीस-बावीसची असेल. तिने बघितलं की सासूबाई घास तोंडात घेतात, जरा चघळतात आणि हळूच रुमालात काढून ठेवतात, आणि हिरडीवर एका बाजूला पांढरी जखम आहे. कवळी त्यांची नव्हतीच! रात्री भिजत घालताना शेजारच्या आजींच्या कवळीशी बदलली होती. तीन आठवडे त्या दुसऱ्याची कवळी लावून जेवायचा प्रयत्न करत होत्या, आणि बोलता येत नाही म्हणून सांगू शकत नव्हत्या.

मला राग यायला हवा होता, आलाही. पण होमने स्वतःहून फोन करून सांगितलं की चूक आमची आहे, अशी झाली, शेजारच्या आजींच्या घरी पण कळवलंय, आणि आजपासून प्रत्येक कवळीवर नाव कोरून घेतोय. लपवलं असतं तर आम्हाला जन्मात कळलं नसतं. त्या दिवसापासून मला रात्री शांत झोप लागते. दाखल करायच्या आधी मॅनेजरना विचारा, "तुमच्याकडून शेवटची चूक कोणती झाली?" जो सांगेल त्याच्याकडे ठेवा.

(चष्मा, कानाचं मशीन, कवळी, सगळ्यावर नाव. कानाच्या मशीनची बॅटरी संपलेली असणं हे तर इतकं सर्रास आहे की गेल्यावर पहिलं मी तेच तपासते.)

* * *

वरच्या सिस्टरसारखी आमच्या काकांना कुणी भेटली असती तर. काका सोमवारपर्यंत व्यवस्थित बोलत होते, बुधवारी मला ओळखेनात, भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणायला लागले. होममधे म्हणाले डिमेन्शिया वाढलाय. दोन दिवसांत डिमेन्शिया वाढत नाही हो. असं अचानक झालं तर ते डेलिरियम असतं, त्यामागे लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, पोट साफ नसणं, नवीन गोळी, काहीतरी असतंच आणि बऱ्याचदा बरं होतं. काकांची लघवी तुंबली होती. कॅथेटर घातल्यावर तिसऱ्या दिवशी मला नावाने हाक मारली. मधले चार दिवस ते दुखणं सांगू शकत नव्हते आणि आम्ही सगळे त्यांना समजावत बसलो होतो की काका, मुंग्या नाहीयेत.

* * *

मी ८१ वर्षांची आहे आणि सहा वर्षं झाली, या केअर होममधे राहते. फोनवर बोलून टाइप करते आहे, चुका झाल्या तर समजून घ्या. तुम्ही सगळी मुलं लिहिता आहात, मला आमच्या बाजूचं लिहावंसं वाटलं.

मुलाने आधीचं होम निवडलं तेव्हा तुम्ही म्हणता ते सगळं बघितलं होतं. स्वच्छ होतं, सुरक्षित होतं, कुणी वाईट वागलं नाही. पण पहाटे पाचला उठवून अंघोळ घालायचे, कारण रात्रीची पाळी सहाला संपायची आणि तोपर्यंत निम्म्या अंघोळी उरकायच्या असा नियम. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, रात्री वाचत बसायची सवय, पाचला मला जाग कशी येणार? मग दिवसभर पेंगायचं, आणि पेंगताना बघून म्हणायचे आजी थकत चालल्या. दार न वाजवता आत यायचे. कपडे बदलताना दार उघडं. डॉक्टर आले की माझ्यासमोर उभे राहून मुलाला विचारायचे, "आजींना झोप लागते का?" अहो, मला विचारा ना, मी इथे बसले आहे.

इथे पहिल्या दिवशी मला विचारलं की तुम्ही किती वाजता उठता. सहा वर्षांत मला साडेसातच्या आधी कुणी उठवलेलं नाही.

होम बघायला याल तेव्हा आमच्याशी बोला. मॅनेजर बरोबर असताना नको, ती असली की आम्ही सगळं छान म्हणतो, आम्हाला इथेच राहायचं आहे. दुपारी व्हरांड्यात एकटी बसलेली कुणी दिसली तर जवळ खुर्ची ओढून बसा आणि विचारा की रात्री लघवीला जायचं झालं तर काय करता. जी सांगते "बेल वाजवते, येतात" तिथे बरं आहे. जी सांगते "मी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही" तिथून तुमचं माणूस लांब ठेवा.

* * *

आजी, तुमचं वाचून मी आज आईला जाऊन विचारलं. ती संध्याकाळी पाचनंतर पाणी पीत नाही. मला तीन वर्षांत माहीत नव्हतं. उद्या सकाळी मॅनेजरना भेटतेय.

* * *

आगीचं कुणीच लिहिलं नाही म्हणून. माझं कामच ते आहे, इमारतींची आगीची तपासणी. होममधे मी तीन गोष्टी बघतो. मागचं दार, म्हणजे संकटकाळी बाहेर पडायचं दार, किल्लीशिवाय आतून उघडतं का. डिमेन्शियाची माणसं बाहेर जाऊ नयेत म्हणून कुलूप घालतात, त्याला उपाय आहेत, अलार्म वाजला की आपोआप सुटणारी कुलुपं असतात, साखळी-कुलूप हा उपाय नाही. दुसरं, कॉरिडॉरमधली जाड दारं. ती धूर अडवायला असतात, आणि व्हीलचेअर न्यायला सोपं म्हणून खालून लाकडी पाचर मारून उघडी ठेवलेली दिसतात. अशा जागी सगळ्यांना जिन्याने खाली नेणं शक्यच नसतं, आधी त्याच मजल्यावर त्या दारांच्या पलीकडच्या भागात ढकलत न्यायचं असतं, आणि ते दार बंद झालं नाही तर पलीकडचा भाग उपयोगाचा राहत नाही. तिसरं, सराव कधी करता? दिवसा सगळा स्टाफ असताना केलेला सराव बघून मला समाधान होत नाही. रात्रीच्या पाळीवर जितके असतात तितक्याच माणसांत करून दाखवलाय का, आणि किती मिनिटं लागली, ते रजिस्टरमधे बघायला मागा.

* * *

आमचे बाबा गेले दीड वर्षापूर्वी, होममधेच. हे लिहायला वेळ लागला.

पहिल्या होममधे आम्ही सगळं विचारलं होतं पण शेवटाचं विचारलं नव्हतं. कोण विचारतं? बाबांची फुप्फुसं थकली होती, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं की आता सुधारणा नाही, बाबांनी स्वतः सांगितलेलं की मला परत आयसीयूत नेऊ नका. आणि त्या होमने एका महिन्यात तीनदा मध्यरात्री ॲम्ब्युलन्स बोलावून हॉस्पिटलला पाठवलं. कारण रात्री निर्णय घेऊ शकेल असं कुणीच नसायचं, आणि त्यांच्या आवारात मृत्यू होऊ नये असं त्यांना वाटायचं. तिसऱ्या वेळेला स्ट्रेचरवर बाबांनी माझा हात धरून ठेवला होता, इतका घट्ट की नखं उमटली. तोंडाला मास्क, बोलता येत नव्हतं, नुसती मान हलवत होते, नाही नाही.

मग बदललं. नवीन होममधे पहिल्या भेटीतच मी विचारलं, शेवटी इथेच राहू देता का, रात्री धाप वाढली तर काय करता, मॉर्फिन द्यायला कुणी आहे का (थोड्या डोसमधल्या मॉर्फिनने धाप लागल्याची घुसमट कमी होते, फक्त दुखण्यासाठीच असतं असं नाही), आम्हाला रात्री थांबता येतं का. त्या बाईंनी पेन खाली ठेवलं, दार लावून घेतलं आणि एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. बाबांची इच्छा कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला लावली आणि रात्रीच्या स्टाफला वाचून दाखवली.

सात आठवडे मिळाले तिथे. गेले तेव्हा पहाट होती, मी होते, माझा भाऊ होता, आणि नाइटची मुलगी, तिने त्यांचे ओठ ओल्या बोळ्याने पुसत ठेवले होते रात्रभर. नंतर तिने खिडकी उघडली आणि विचारलं, चेहरा तुम्ही पुसणार का मी पुसू.

* * *

धागा काढणारीच परत. सगळ्यांचं वाचलं, काहींचं दोनदा. काल आईकडे गेले तेव्हा बाथरूमच्या दोरीला गाठ होती. मी सोडली आणि मॅनेजरना बोलावून दाखवली, त्यांनी माझ्यासमोर सगळ्या बाथरूममधल्या बघायला एकाला पाठवलं, अजून दोन निघाल्या. आठ दिवसांनी परत बघणारे. मैत्रिणीला पूर्ण धागा पाठवलाय, ती रविवारी संध्याकाळी जेवणाच्या वेळेला, न कळवता जातेय. काय बघितलं ते तिला इथेच लिहायला सांगितलंय.